मोबाइलमधला धप्पा

चैतालीने आजवर जेवढ्या गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, तेवढ्या नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या वऱ्हाडांनी मिळून उधळल्या नसतील. आणि त्यातली एकही खरी नव्हती. नाशिक रोडला तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे. पुंजारामनाना मूळचे विंचूरचे. कांद्याच्या वावरातून ते कॅमेऱ्याकडे कसे वळले याची हकिकत ते दर वेळी वेगळी सांगतात, पण लग्नाची शूटिंग त्यांच्याइतक्या निष्ठेने दुसरं कुणी करत नाही हे मात्र खरं. नाना शूटिंग करायचे आणि चैताली दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून मिक्सिंग करायची. हार घालताना पाकळ्या, सप्तपदीला चांदण्या, नवरी सासरी निघाली की वरून सोनेरी चमकी. गिऱ्हाईक मागे खुर्ची टाकून बसायचं आणि एकच शब्द म्हणायचं, "अजून." अजून टाका, ताई. मग ती अजून टाकायची. शेवटी शेवटी नवरा-नवरी शोधावे लागत, पण पार्टी खूश होऊन जाई.

तिला ते काम वाईट वाटत नव्हतं. तिला एवढंच खुपायचं की त्यात तिचं स्वतःचं काहीच नव्हतं. किती टाकायचं, कुठे थांबायचं, हे कायम मागच्या खुर्चीने ठरवलेलं. आपल्याला मुळात नजर आहे की नुसता सवयीचा हात, हेच तिला कळेनासं झालं होतं. म्हणून गंगापूर रोडवरच्या एका छोट्या गेम कंपनीत इफेक्ट बनवणारं माणूस हवंय असं कळल्यावर तिने कुणालाही न विचारता अर्ज केला. तिथल्या उज्वला मॅडमनी तिचं काम बघितलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे. डोळ्याचं बघू." तीन महिन्यांच्या चाचणीवर तिला घेतलं.

नाना रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, कारण रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ते शांतपणे म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत बघ करून. त्यांनी ठेवलं तर ठीक. नाय ठेवलं तर मे महिन्याच्या तारखा लय आल्यात, दुकान हायेच आपलं." ते 'हायेच' चैतालीला फार जड गेलं.

कंपनी म्हणजे एका डेअरीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर ताकाचा आणि तुपाचा वास यायचा. उज्वला मॅडम, प्रोग्रॅम लिहिणारा सार्थक आणि आणखी चार-पाच जणं मिळून मोबाइलवरचा एक गेम बनवत होती. रंगपंचमीच्या दिवशी जुन्या नाशकाच्या गल्ल्यांतून पळायचं, बादल्या चुकवायच्या, गाई चुकवायच्या आणि शेवटी रहाडीत उडी मारायची. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो मातीखाली बुजवलेला असतो. रंगपंचमीला उघडतात, फुलांचा रंग उकळून त्यात भरतात आणि अख्खी गल्ली एकेक करून त्यात उड्या टाकते. त्या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा कसा बसला याचा हिशोब उडी मारणाऱ्याकडे नसतो; काठावरची माणसं किती भिजली त्यावर तो ठरतो.

"हा धप्पा तुझा," मॅडम म्हणाल्या. "गेममध्ये बाकी सगळं धावणं आहे. लोक परत खेळतील ते या एका उडीसाठी. ती जमली तर तू इथली. नाही जमली तर मला दुसरं कुणी शोधावं लागेल, हे आत्ताच सांगते."

गेममध्ये धूर, धूळ, ठिणगी, पाण्याचा शिंतोडा, सगळं कणांचं बनतं. न दिसणारी एक तोटी मांडायची. त्या तोटीने कण किती फेकायचे, किती जोरात, प्रत्येकाने किती वेळ जगायचं आणि मरताना लहान होत जायचं की फिकट, हे आपण ठरवायचं. चैतालीला हे यंत्र पाठ होतं. तिने तोटी पूर्ण सोडली. पिवळे थेंब, केशरी थेंब, गुलाबी थेंब, थेंबांना चकाकी, चकाकीला शेपूट, आणि वर लग्नातली सोनेरी चमकी. घरी नानांना दाखवलं तेव्हा नाना खुर्चीतून उठले. "झकास! याला म्हणतात काम. पैसा वसूल!" आईनेसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन बघितलं आणि "केवढं गं ते!" म्हणाली. चैताली त्या दिवशी हवेत होती.

दुसऱ्या दिवशी सार्थकने तो धप्पा आपल्या जुन्या फोनवर चालवला. उडी मारणारं पोर हवेतच अडकलं. पडदा दाताखाली खडा आल्यासारखा कचकच थांबत पुढे सरकला आणि फोन इस्त्रीसारखा तापला. "एवढे पारदर्शक कण एकावर एक आले की गरीब फोनचा जीव जातो," सार्थक म्हणाला. तो हे अगदी मायेने म्हणाला, म्हणून तिला आणखी लागलं.

त्यावर मॅडमची परीक्षा बाकी होती. त्यांची पद्धत जगावेगळी होती. चांगला फोन घेऊन त्या खाली डेअरीत जायच्या, लस्सी प्यायला आलेल्या कुणाच्याही हातात तो द्यायच्या आणि स्वतः समोर बसायच्या. पडद्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. फक्त माणसाचा चेहरा बघायच्या. बनवणाऱ्याने तिथे उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही, हा नियम. त्या दिवशी बँकेतल्या एका साहेबांनी उडी मारली. पडद्यावर दिवाळी उडाली. साहेबांनी स्ट्रॉ तोंडातून काढलीसुद्धा नाही. "छान आहे," म्हणाले आणि फोन परत दिला.

"छान म्हणाले ना," चैताली जिन्यात म्हणाली.

"तोंडाने सगळे छानच म्हणतात, आपल्याकडे ती रीत आहे. आहेर कसाही असला तरी आपण काय म्हणतो? डोळ्यांनी काय म्हणाले ते?" मॅडम थांबल्या. "पापणी लवली नाही त्यांची. माणसाच्या अंगावर पाणी आलं आणि पापणी लवली नाही, तर ते पाणी नाही. तू त्यांना सजावट दाखवलीस."

मॅडमनी तिचे सगळे रंग काढून घेतले. चकाकी बंद. लहान थेंब बंद. जाड काळा मार्कर आणि कोरे कागद हातात दिले आणि सांगितलं, "धप्प्याचे मोठे आकार आधी काढ. ज्याच्याकडे लांबून बघूनही कळेल की पाणी उडालं, असा आकार. बारीकसारीक सगळं नंतर." चैतालीला मनस्वी राग आला. पाकळ्यांवर इतकी वर्षं काढलेल्या बाईला कोणी बालवाडीत बसवावं तसं झालं. तरी ती बसली, कारण दुकानातली मागची खुर्ची तिला डोळ्यांसमोर दिसत होती.

मग तिने ठरवलं की पाणी मुळापासून शिकायचं. घरच्या गच्चीवर पाण्याचा निळा ड्रम होता. त्यात तिने बटाटा टाकला, नारळ टाकला, वीट टाकली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सगळं टिपलं. वरवंटा टाकला तेव्हा आई वर आली.

"वाटण कशाने करू आता? तुझ्या त्या गेमने?"

"आई, एक मिनिट. बघ ना, पाणी आधी बाजूला होतं, मग वर येतं."

"पाणी वर आलं, वरवंटा कधी येणार ते सांग." शेवटी आईने स्वतः बाही सरसावून तो बाहेर काढला आणि जाता जाता नारळही घेऊन गेली.

ड्रमातल्या पाण्याची चैतालीने हुबेहूब नक्कल केली. वेग मोजून, उतार मोजून, थेंबाला थेंब. शास्त्राला धरून होतं सगळं. डेअरीत एका आजोबांनी उडी मारली, पडद्याकडे जरा वेळ बघितलं आणि काळजीने विचारलं, "नळ फुटला का कुठं?" घरी नाना म्हणाले, "रिकामं दिसतंय गं. कुणाचं लग्न असल्यावर असं दिलं तर पार्टी पैसे देईल का? थोडी तरी चमकी टाक ना." आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून असेल, "मेमधल्या दोन पार्ट्या तर तुझंच नाव घेऊन आल्यात," असंही म्हणाले.

त्या आठवड्यात चैतालीने आशा जवळजवळ सोडली होती. भरून टाकलं तर दिवाळी, खरं केलं तर फुटका नळ. या दोन्हीच्या मध्ये काही असतं आणि ते ज्यांना दिसतं ती माणसं वेगळी, आपण त्यातल्या नव्हे, असं तिने मनाशी पक्कं करत आणलं. रडू यायचं, पण ऑफिसात रडण्याइतकी जागाही नव्हती.

वाट दाखवली ती सार्थकने, आणि तीही नकळत. खेळणाऱ्याला उडी कुठून दिसणार हे ठरवून त्याला गेममधला कॅमेरा ठेवायचा होता. त्याने मान वर न करता विचारलं, "धप्प्याच्या वेळी बघणारा कुठे उभा आहे? कॅमेरा कुठे लावू?"

"गच्चीवर," चैताली म्हणाली.

"गच्चीवर?" सार्थकने आता मान वर केली. "गच्चीवर कोण भिजतं?"

लहानपणापासून दर रंगपंचमीला चैताली रहाडीवर गेली होती, आणि दर वर्षी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभी राहिली होती. नाना तिथून झूम लावून फोटो काढायचे. दुसरा कॅमेरा दुधाच्या पिशवीत गुंडाळून तिच्या गळ्यात असायचा आणि त्यावर एक थेंब पडू द्यायचा नाही, हे तिचं काम. फोटोवाल्याची पोर रंगात कशाला उतरेल? साऱ्या नाशकाला धप्पा अंगावर माहीत होता, हिला तो फक्त वरून माहीत होता. आणि पठ्ठीने गेममधली पाण्याची तोटीसुद्धा गच्चीवरून दिसेल अशी लावून ठेवली होती, नीटनेटकी, दूर, कोरडी.

रंगपंचमी तोंडावर होती. "या वर्षी मी गच्चीवर येत नाही, नाना," ती म्हणाली.

"मग दुसरा कॅमेरा कोण धरील?"

"आणू नका या वर्षी."

नानांना ते बोचलं. त्यांनी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली, आणि ती आधीच पूर्ण भरलेली होती.

जुन्या नाशकातल्या त्या रहाडीवर बायकांना वेगळी वेळ होती. पिवळा रंग, वर फेस, फुलांचा उकळलेला वास, आणि काठावर दाटी. चैतालीने जीव मुठीत धरून उडी मारली. आता इथे तिला साक्षात्कार झाला असं लिहिलं तर गोष्ट सोपी होईल, पण झालं ते असं: डोळे गच्च मिटलेले, नाकात पाणी, कानात पाणी, एक चप्पल कायमची तळाला, आणि दिसलं काहीही नाही. दोन बायकांनी बखोटीला धरून तिला वर ओढलं तेव्हा ती इतकी खोकत होती की तिसरीने पाठीत गुद्दे घातले. ज्ञान म्हणून हाती आलं ते शून्य.

ती काठावर कुडकुडत उभी राहिली. तेवढ्यात एक चांगल्या भारदस्त अंगाच्या काकू पदर खोचून पुढे आल्या. गर्दीने आरोळी ठोकली. काकूंनी उडी घेतली आणि चैतालीचं तोंड आपोआप वळलं, डोळे मिटले. मग पाणी आलं. सपकन कानशिलावर.

तिला धक्का पाण्याचा बसला नाही. तोंड आधी वळलं होतं. पाणी अंगावर यायच्या आधी ती घाबरली होती! कशाला? तिने डोळे पुसले आणि पुढच्या उडीला पापण्या ताणून उघड्या ठेवल्या. मग त्याच्या पुढच्या. काठावरच्या बायकांना वाटलं, पोरीला भूतबाधा झालीय. पण चैतालीला दिसलं. अंग आत गेलं की पाण्याला क्षणभर खड्डा पडतो. खोल, गुळगुळीत. तेवढ्यापुरती काठावरची ओरडसुद्धा थांबते, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की आता येणार. मग खड्ड्याच्या कडेतून पाणी उठतं ते थेंब होऊन उठतच नाही. ओल्या चादरीसारखं सबंध उठतं, वर जाताना फाटतं आणि फाटलेल्या जागेतून पलीकडची माणसं दिसतात. थेंब सगळ्यात शेवटी येतात. अंगावरून ओघळणारे, आळशी, मोजके. आजवर तिने या शेवटाचीच सुरुवात केली होती.

घरी गेली तेव्हा ती हळदीच्या नवरीसारखी पिवळी होती आणि इतकी खुशीत की आईला काही बोलायचं सुचेना. नाना गच्चीवरचे फोटो बघत बसले होते. त्यांनी वर बघितलं, परत फोटोत बघितलं आणि म्हणाले, "जेवून घे."

ऑफिसात तिने सार्थकला कॅमेरा खाली आणायला लावला, थेट काठावर, पाण्याच्या जवळ. उडी पडली की आधी काहीच उडत नाही. पाणी आत ओढलं जातं, गेममधलं गाणं थांबतं, गर्दी थांबते. एक श्वास जेमतेम बसेल एवढी ती जागा. मग पिवळी चादर उठते, एकाच रंगाची, बघणाऱ्याकडे येत मोठी होत जाते आणि पडदा व्यापून फाटते. त्यानंतर काही जाड थेंब काचेवरून ओघळतात. पूर्वीच्या कणांच्या मानाने आता कण इतके थोडे होते की सार्थकचा जुना फोन गारच राहिला. सगळं झाल्यावर चैतालीचा हात सवयीने सोनेरी चमकीकडे गेला. तिने तो मांडीखाली दाबला आणि तसाच ठेवला.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी मॅडम फोन घेऊन खाली गेल्या. चैताली आणि सार्थक मागून जिना उतरले. डेअरीत भर दुपारी एकच गिऱ्हाईक होतं आणि ते बघून चैताली शेवटच्या पायरीवरच थबकली. ताकाचा ग्लास घेऊन नाना बसले होते. तारखांचं काय ते पक्कं करायला, तिला सोबत घेऊन जायला आले असणार. मॅडमनी नानांना कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं हसून विचारलं, "काका, जरा हे खेळून बघता का?" आणि फोन हातात दिला.

चैतालीला ओरडून सांगावंसं वाटलं की यांना नको, दुसऱ्या कुणालाही द्या. या माणसाने पंचवीस वर्षं चमकी विकलीय, याला हे रिकामंच दिसणार. पण नियम होता. ती फ्रीजच्या आडोशाला उभी राहिली.

नानांनी चष्मा नाकावर सरकवला आणि खेळायला लागले. पहिल्यांदा गाईला धडकले. दुसऱ्यांदाही त्याच गाईला धडकले आणि गाईलाच बोल लावले. तिसऱ्यांदा कसेबसे गल्लीच्या टोकाला पोचले आणि उडी मारली. गाणं थांबलं. नानांचा अंगठा तसाच हवेत राहिला, ओठ किंचित उघडे. मग त्यांनी मान झटक्यात मागे घेतली, डोळे घट्ट मिटले, आणि ताकाचा ग्लास हिंदकळून टेबलावर सांडला.

नानांनी डोळे उघडले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडात धरून बघितल्या, परत डोळ्यांवर लावल्या. आणि मग ते थांबले. कोरड्या सदऱ्याच्या टोकाकडे बघत राहिले.

वर बघितलं तेव्हा त्यांना फ्रीजशेजारी चैताली दिसली. तिला नियम आठवत होता, पण डोळ्यांतून पाणी यायचं ते आलंच. तिने आनंदाने ते वाहू दिलं. नाना तिच्याकडे बराच वेळ बघत होते. आपल्या पोरीकडे ते असं पहिल्यांदाच, मध्ये कॅमेरा न धरता बघत होते, असं तिला वाटलं.

"मे महिन्याला मी दुसरं माणूस बघतो," नाना म्हणाले.

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा चैतालीकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी फोन परत घ्यायला हात पुढे केला. नानांनी तो दिला नाही.

"थांबा हो मॅडम, अजून एकदा मारू द्या धप्पा," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली, चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, आणि मग खेळायला सुरुवात केली.